निर्मनुष्य अरण्याची थाप

(१) अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. तेथील उत्तरेकडच्या अरण्यात दर उन्हाळ्यात चिंतनाच्या सहली निघतात. आठ-दहा जणांचा गट, सोबत परवानाधारक वाटाड्या, होड्या, तंबू आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरी वही. फोन बंद, लेखणी सुरू. अशा सहलींच्या वर्णनात एक विशेषण वारंवार भेटते: ‘अस्पर्श’. कधी त्याच्या जोडीला ‘निर्मनुष्य’.

मित्रहो, आजचे भांडण या सहलींशी नाही. या दोन विशेषणांशी आहे.

(२) या परंपरेचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव हटकून घेतले जाते, तो हेन्री डेव्हिड थोरो. दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डन’ मराठीत आणले, त्यामुळे आपल्या मनात थोरोची प्रतिमा आहे ती तळ्याकाठच्या एकांतवासी माणसाची. पण १८४६, १८५३ आणि १८५७ अशा तीन वेळा तो मेनच्या अरण्यात गेला आणि तिन्ही वेळा सोबतीने गेला. १८५३ साली त्याच्या गटाचा वाटाड्या होता जो एटिअन, १८५७ साली जो पोलिस (नावच ते, आपल्या खाकीतल्या पोलिसांशी संबंध नाही). दोघेही पेनॉब्स्कॉट जमातीचे, म्हणजे ज्या नदीतून होडी जाणार होती तिच्या काठचे मूळ रहिवासी.

(३) पोलिसने आधी रोजचे दोन डॉलर मागितले. घासाघीस होऊन दीड डॉलरवर सौदा ठरला आणि होडीचे भाडे आठवड्याला पन्नास सेंट. ती होडी बर्चच्या सालीची आणि पोलिसने स्वतः बांधलेली.

हा ‘रानातला माणूस’ कोण होता? नदीतल्या बेटावर त्याचे नीटनेटके दुमजली घर होते, शेती होती. जमातीचा प्रतिनिधी म्हणून तो वॉशिंग्टनला जाऊन आला होता. घरी वर्तमानपत्र येत असे. रविवारी प्रवास करणे त्याच्या धर्मभावनेला पटत नसे. थोरोने हे सारे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. त्याच्या नावाने अरण्य विकणारे नेमके एवढेच गाळतात.

(४) प्रवासाच्या आरंभी दोघांत आणखी एक करार झाला. मला जे ठाऊक आहे ते मी तुला सांगेन, तुला जे ठाऊक आहे ते तू मला सांग. एका रात्री थोरोला कुजक्या लाकडात थंड पांढरा उजेड दिसला आणि तो हरखून गेला. दुसऱ्या दिवशी कळले की पोलिसच्या भाषेत त्या उजेडाला नाव होते. सरोवरांना, ओढ्यांना, वनस्पतींना नावे होती, बहुतेक झाडपाल्याचे औषधी उपयोग माहीत होते. कटाडिन पर्वताच्या नावाचा अर्थच ‘सर्वांत मोठा डोंगर’, आणि त्याच्या माथ्यावर पोमोला नावाचे दैवत राहते अशी पेनॉब्स्कॉटांची श्रद्धा. ज्या डोंगराला नाव आहे, ज्याच्या दैवताचा धाक आहे, तो निर्मनुष्य कसा?

(५) आता माझ्या मते या कथेतला सर्वांत बोलका कागद. जानेवारी १८५८ मध्ये संपादक जेम्स रसेल लोवेलला लिहिलेल्या पत्रात थोरोने हे प्रवासवर्णन छापायला नकार दिला. कारण? आपल्या वाटाड्याचे बोलणे-वागणे आपण जसेच्या तसे टिपले आहे, वृत्तांतातला रंजक भागही तोच, आणि हा गृहस्थ वाचू शकतो. मग त्याला पुन्हा तोंड कसे दाखवायचे? ते वर्णन प्रसिद्ध झाले १८६४ साली, थोरोच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

ज्याच्याविषयी लिहिले तो आपले लिखाण वाचेल, हे भान थोरोला तरी होते. आजच्या कोऱ्या वह्यांत ते कितपत उतरते?

(६) अरण्य अस्पर्शही नव्हते. बँगोर हे शहर तेव्हा लाकडाच्या व्यापारावर जगत होते. १८४६ साली कटाडिनकडे जाताना थोरोच्या वाटेत लाकूडतोड्यांचे तळ आणि ओंडके वाहून नेण्यासाठी घातलेले बांध होते. नदीतून ओंडके खाली नेण्याच्या कामातच १८७० साली जो एटिअन बुडून मेला. तेव्हा तो आपल्या जमातीचा गव्हर्नर होता.

(७) आणि जमीन? १७९६ आणि १८१८ च्या करारांत पेनॉब्स्कॉटांची बहुतेक भूमी आधी मॅसॅच्युसेट्सकडे गेली. मेन वेगळे राज्य झाल्यावर १८३३ साली उरलेल्या चार टाउनशिपही गेल्या. (एक टाउनशिप म्हणजे साधारण सहा मैल लांब, सहा मैल रुंद.) वस्तुतः संघराज्याच्या मान्यतेवाचून आदिवासींची जमीन घेता येणार नाही, असा कायदा १७९० पासून होता. म्हणजे थोरो दीड डॉलर रोजाने ज्याला घेऊन निघाला, त्याच्या जमातीच्या हातून ते रान सुटून जेमतेम चोवीस वर्षे झाली होती. त्याच १७९० च्या कायद्याच्या बळावर पुढे खटला उभा राहिला आणि १९८० साली तडजोड झाली: त्या राज्यातल्या जमातींना मिळून ८ कोटी १५ लाख डॉलर, आणि मोठ्या भूभागावरचे दावे कायमचे संपुष्टात.

२०२१ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की राखीव क्षेत्रात नदीतली बेटे येतात, पाणी येत नाही. त्या नदीचे नाव पेनॉब्स्कॉट!

(८) कोणी म्हणेल, दमलेला माणूस चार दिवस झाडांखाली बसून दोन ओळी लिहितो, त्यात हे राजकारण कशाला? बसावे की. लिहावेही. पण ‘येथे कधी कोणी नव्हते’ असे त्याला सांगितले जाते, तेव्हा त्याच्या शांततेसोबत १८३३ चा तो व्यवहारही गुपचूप स्वच्छ होऊन जातो. जेथे कोणी नव्हतेच, तेथे कोणाचे काय घेतले, हा प्रश्नच उरत नाही. मेनने १८९७ साली वाटाड्यांसाठी नोंदणीचा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर होड्या हाकणाऱ्यांनाही त्यानंतर पैसे घेऊन वाट दाखवायला राज्याचा परवाना लागू लागला.

(९) १८५७ चा प्रवास पोलिसच्या बेटापाशी संपला. निरोप घेताना थोरोने विचारले, घरी परतल्याचा आनंद होत नाही का? पोलिस म्हणाला, मी कुठे आहे याने मला काही फरक पडत नाही. थोरोला त्यात त्याचा न मावळणारा रानटीपणा दिसला. मला दिसतो तो दोन आठवडे आपल्याच परसात हिंडून आलेला माणूस.