पोराला बैठकीत बोलावण्याआधी

पाचवीतला एक मुलगा सोमवारी शाळेत आला तो गप्पच. वाचायला उठवले तर उभा राहिला आणि रडू लागला. मधल्या सुट्टीत कळले की आदल्या रात्री त्याच्या घरी दोन्हीकडची मंडळी बसली होती. अम्मी-अब्बांचे वर्षभर पटत नव्हते. तासभर वाद झाल्यावर कोणीतरी म्हणाले, "पोरालाच विचारा की, कुणाकडे राहतो ते." झोपेतून उठवून त्याला मधे बसवले. तो म्हणाला, "अम्मीकडे." पुढे महिनाभर अब्बा त्याच्याशी धड बोलले नाहीत.

हे लिहिताना संकोच वाटतो, कारण मुलाचे मत घ्या असे त्याच्या चाचांना आम्हीच सुचवले होते. कसे, कुठे आणि केव्हा, हे मात्र सांगितले नव्हते.

सूरह निसाच्या 35व्या आयतीत नवरा-बायकोच्या भांडणात दोन्ही घराण्यांतून एकेक पंच नेमायला सांगितले आहे. पंच मोठी माणसे असतात. मुलाचे काय? हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस अबू दाऊदमध्ये आहे. आई-वडिलांत मुलावरून वाद होता, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुलाला दोघांपैकी ज्याचा हवा त्याचा हात धरायला सांगितले. त्याने आईचा हात धरला. ही हदीस सगळे सांगतात, पण त्याआधी आईने काय म्हटले ते राहून जाते. हा मुलगा मला विहिरीचे पाणी आणून देतो, असे ती म्हणाली होती. म्हणजे पोरगा विहिरीवर जाऊन येण्याइतका जाणता होता. याच आधारावर हनफी फुकहा लहान मुलाला निवड देत नाहीत. त्यांच्या मते मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. कोकणातले आपले शाफई बांधव मात्र समज आलेल्या मुलाला विचारतात.

कायदाही वयाचा आकडा सांगत नाही. 1890च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम 17 मध्ये एवढेच आहे की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकते. निकाल मात्र मुलाच्या हिताचा.

मग समज ओळखायची कशी? आमच्या त्या विद्यार्थ्याचे नानाचे घर विजयपूरला. अम्मीकडे म्हणजे विजयपूर, कन्नड शाळा, इथले दोस्त सुटणार, हे त्याला ठाऊकच नव्हते. अम्मी मंद्रूपातच राहणार असे तो धरून चालला होता. उत्तर दिले, पण प्रश्न कळला नव्हता. म्हणून पहिली गोष्ट ही: ज्याबद्दल विचारतो ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का ते पाहावे. दुसरी, त्याच्या तोंडी कोणाचे शब्द आहेत? दहा वर्षांचे पोर "अब्बा नफका देत नाहीत" म्हणू लागले तर ते पढवलेले समजावे. नानीकडे एक आणि दादीकडे दुसरे बोलत असेल तर ते सगळ्यांना खूश ठेवते आहे. जेवण-झोप बिघडली असेल, अंथरूण ओले होत असेल, तर विचारणेच थांबवावे. आणि "मला नाही सांगायचे" हेही उत्तर धरावे. भावंडे असतील तर एकेकट्याशी बोलावे. थोरली बोलते तेच धाकटा बोलतो.

मूल तयार असले तरी बैठकीत बसवू नयेच. कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात. आपल्याकडे ते काम खाला, चाचा किंवा शिक्षक करू शकतील. अट एकच, त्या माणसाने कोणाची बाजू घेतलेली नसावी. "कोण हवे?" हा प्रश्न टाळून दिवस कसा जातो, कशाची भीती वाटते, काय सुटू नये, हे विचारावे. कोणता निरोप मोठ्यांना सांगायचा तेही मुलालाच विचारावे, आणि ठरवणार मोठी माणसेच हे त्याला आधी सांगावे.

दुसऱ्या बैठकीआधी चाचांनी विचारले, "पोराला आणू का?" आम्ही नको म्हणालो. चाचा त्याला घेऊन शेताच्या बांधावर जाऊन बसले. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या: शाळा बदलायची नाही आणि जुम्म्याला अब्बांबरोबर मशिदीत जायचे. तेवढाच निरोप बैठकीत पोचला. अम्मी-अब्बांचे अजून जमलेले नाही. पण गेल्या शुक्रवारी दुपारी शाळेच्या फाटकाशी अब्बांची मोटारसायकल उभी होती, आणि पोरगा टोपी खिशातून काढत धावत गेला.