गोदामाचे पाणी आणि पायाखालची माती



सोसायटीचे गोदाम असो, दूध संकलन केंद्र असो की रस्त्याकाठचे दुकान असो, अंगणात पाणी तुंबले की पहिला सल्ला मिळतो, "एक शोषखड्डा खणून टाका." खड्डा खणतात, दगडगोटे भरतात, पैसे खर्च होतात आणि ऐन पावसात खड्डाच तुडुंब भरलेला दिसतो. आत खताच्या पोत्यांना ओल लागते ती लागतेच. दोष गवंड्याचा नसतो. खाली माती कोणती, हे कोणी पाहिलेलेच नसते.

आधी पाण्याचा हिशेब करा. 20 मीटर लांब व 10 मीटर रुंद पत्र्यावर 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 10,000 लिटर पाणी खाली येते. म्हणजे 200 लिटरची 50 पिंपे! हे सारे पाणी जोत्यापाशीच पडते.

आता माती पाहा. मुरमाड जमिनीत पाणी झिरपते. तिथे शोषखड्डा उपयोगी पडतो. काळ्या भारी जमिनीची गोष्ट निराळी. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसात फुगते व भेगा मिटवून घेते. मग पाणी खाली उतरणार कसे? तिच्यातला खड्डा म्हणजे हौदच. कालव्याखालच्या चोपण जमिनीतही पाणी मुरत नाही. शिवाय क्षारांमुळे भिंतींना लोणा लागतो.

परीक्षा घरीच करता येते. दोन फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा. पहिले पाणी झटकन गेले म्हणून हुरळून जाऊ नका. मे महिन्यात ते भेगांतून जाते. दिवसभर खड्डा भरत राहून माती चांगली भिजवा, मग पुन्हा भरून पाणी किती उतरते ते मोजा. दुसऱ्या दिवशी पाणी जवळजवळ तेवढेच दिसले, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. अशा जागी पाणी मुरवायचे नसते, वाहून न्यायचे असते.

त्यासाठी पत्र्याला पन्हळ लावा. जोत्याभोवती तीन-चार फूट फरसबंदी करा, तिचा उतार भिंतीपासून बाहेर ठेवा. गटार फरसबंदीच्या बाहेर घ्या व पक्के बांधा. भिंतीला चिकटून कच्चा चर खणू नका. एका बाजूची माती भिजून फुगते, दुसरी कोरडी राहते आणि भिंतीला तडा जातो. जुने गटार असेल तर आधी गाळ काढा व गवंड्याच्या पाण्याच्या नळीने उतार तपासा. शक्य तिथे 100 फुटांना 1 फूट उतार द्यावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते, नवे खोदकाम लागत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गटाराचे तोंड कुठे सोडणार? शेजाऱ्याच्या उभ्या पिकात सोडलेले पाणी भांडण घेऊन परत येते. ग्रामपंचायतीला विचारून ते ओढ्यापर्यंत न्या. ओढा भरल्यावर पाणी उलटे येत नाही ना, हे एका जोराच्या पावसात उभे राहून पाहा.

सोसायटीचा पैसा म्हणजे आपलाच पैसा. पुढच्या सभेत गटाराचा ठराव आला, तर खर्चाचा आकडा विचारण्याआधी एवढेच विचारा: "मातीची परीक्षा केली का?"