मृत्युपत्रातील एक ओळ

नाशिककराला मरणाचे नवल नसते. रामकुंडावर देशभरातून माणसे अस्थी घेऊन येतात. पंचवटीत रोज कुणाची ना कुणाची दशक्रिया चाललेली असते. गेलेल्या माणसाच्या नावाने छत्री द्यावी, चपला द्याव्यात, भांडे द्यावे, जमल्यास गाय द्यावी, हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही. पण ज्याच्या नावाने हे दान व्हायचे, त्यानेच हयातीत कागद घेऊन ‘माझ्यामागे यातले एवढे अमक्या कामाला द्यावे’ असे लिहायला घेतले, की घरातून ठरलेला सूर उमटतो, “काहीतरी अभद्र बोलू नका.”

गेल्या पितृपक्षात मी हे अभद्र बोललो. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात झाली. आयुष्यभर लक्ष्मी हातांखालून गेली, घरी आला तो फक्त पगार. तेव्हा माझ्या मृत्युपत्रात वाटण्यासारखे फारसे काही नाही. राहते घर, थोड्या ठेवी आणि बँकेच्या लॉकरमध्ये पत्नीच्या दोन पाटल्या. या पाटल्यांवरूनच पुढचे सारे बोलणे निघाले.

१९९३ साली पत्नीला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया. हा हळूहळू वाढणारा प्रकार. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, दादरला उतरायचे, टॅक्सीने परळचे टाटा रुग्णालय गाठायचे आणि रात्री परत यायचे, असा तीन वर्षांचा क्रम होता. अस्थिमज्जा रोपणाची सोय भारतात १९८३ पासून, याच रुग्णालयात सुरू झालेली होती. पण तिच्याशी जुळणारा सख्खा भाऊ वा बहीण मिळाली नाही. गोळ्यांनी पांढऱ्या पेशी काबूत राहत, रोग मात्र आतून चालत राही. एकदा मी डॉक्टरांना विचारले, “याच्यापुढे काही नाही का?” ते म्हणाले, “सध्या तरी एवढंच आहे.” १९९६ साली ती गेली. मुलगी अकरावीत होती, मुलगा आठवीत.

पाच वर्षांनी, २००१ साली, वर्तमानपत्रात एका नव्या गोळीची बातमी वाचली. इमॅटिनिब नावाची ही गोळी नेमक्या याच रोगावर होती. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ज्या रोगात काही वर्षांचीच गणती असे, तो रोग रोजच्या गोळीवर रक्तदाबासारखा सांभाळता येऊ लागला. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधावरील परदेशी कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. आमच्या ओळखीतला सिन्नरचा एक गृहस्थ आज तीच गोळी घेऊन दुकान चालवतो, नातीला शाळेत सोडतो. त्याला पाहिले की मला आनंद होतो आणि लगेच ‘सध्या’ हा शब्द आठवतो.

त्या गोळीचा इतिहास मी पुढे मिळेल तसा वाचला. १९६० साली फिलाडेल्फियातील दोन संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. असे का, ते १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांशी अदलाबदल झालेले होते. त्या चुकीच्या जोडातून एक घातक प्रथिन तयार होते, हे कळायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. ते प्रथिन बंद पाडणारे रसायन प्रयोगशाळेत नेमक्या याच पेशी मारते, हे ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले १९९६ मध्ये, म्हणजे ती गेली त्याच वर्षी. माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या १९९८ ला. आखूड गुणसूत्रापासून गोळीपर्यंत एकेचाळीस वर्षे! या काळात पहिली तीस वर्षे पैसे देणाऱ्याला हाती काय लागले असते? सूक्ष्मदर्शकाखालची काही चित्रे आणि दोन-चार निबंध.

संशोधनाचा पैसा असा असतो. त्याला घाई चालत नाही. इमारतीला देणगी दिली की वर्षभरात नावाची पाटी लागते, उद्घाटनाला हार मिळतो. संशोधनाला दिलेल्या पैशाचे फळ देणाऱ्याला बहुधा दिसतच नाही. मग जो माणूस तसाही ते पाहायला राहणार नाही, त्याचाच पैसा या कामाला सर्वांत योग्य नव्हे का?

हा विचार माझा नवा नाही. १९३१ साली सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगानेच वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. दुसऱ्या वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने एक ट्रस्ट केला, तो रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी. त्या ट्रस्टची मदत आजही जगभरातील संशोधकांना मिळते. उरलेली जवळजवळ सगळी मालमत्ता त्यांनी दुसऱ्या ट्रस्टच्या नावे केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये, पत्नीच्या कबरीच्या दर्शनाला निघाले असता, जर्मनीत त्यांचा अंत झाला. मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. तो विकून आलेली रक्कम ट्रस्टकडे गेली. याच ट्रस्टने उभारलेले परळचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथेच डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी भारतातील कर्करोग संशोधनाचा पाया घातला, आणि त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका तयार झाल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रक्ताच्या काही कर्करोगांवरील पहिल्या देशी पेशी-उपचाराला सरकारी मान्यता मिळाली. तो मुंबईच्या आय.आय.टी.ने आणि टाटा मेमोरियलने मिळून सिद्ध केला. एका शोकमग्न नवऱ्याच्या सहीची पुण्याई नव्वद वर्षे पुरली, ती अशी.

‘ते टाटा होते, आपण कोण?’ असे कुणी म्हणेल. इंग्लंडमध्ये कर्करोग संशोधनाची जी सर्वांत मोठी धर्मादाय संस्था आहे, तिच्या संशोधनाच्या खर्चाचा सुमारे एक तृतीयांश भाग मृत्युपत्रांतून येतो. हे पैसे ठेवणारे सगळे काही लॉर्ड नाहीत. निवृत्त शिक्षक, परिचारिका, दुकानदार असे आपल्यासारखेच लोक त्यांत आहेत. आणि संशोधन म्हणजे केवळ कोट्यवधींची यंत्रे, असेही नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. थोडे शिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुखाची तपासणी करीत. त्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. औषध स्वयंपाकघरातले, पण ते उपयोगी पडते हे सिद्ध करायला कित्येक वर्षांची चिकाटी लागली.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. परळच्या पदपथावर आजही रुग्णांचे नातेवाईक झोपतात, मी स्वतः ते पाहिले आहेत. त्यांना सोडून प्रयोगशाळेला का द्यायचे? माझे उत्तर असे, की त्यांना आजच द्यावे, खिशातून द्यावे, मरणाची वाट पाहू नये. जिवंत हाताने आजच्या रुग्णाला द्यावे आणि गेलेल्या हाताने उद्याच्या.

आता कायद्याचे थोडे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. आपली सही हवी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. साक्षीदार ज्यांना काही मिळायचे नाही असे असावेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. अंमलबजावणीसाठी आपल्याहून तरुण, विश्वासू माणूस नेमावा. संस्थेचे नाव तिच्या नोंदणीप्रमाणे अचूक लिहावे आणि रक्कम ‘संशोधनासाठी’ असे स्पष्ट म्हणावे. मात्र ‘अमक्याच औषधाच्या शोधासाठी’ इतके अरुंद लिहू नये, कारण तोवर ते औषध निघालेलेही असेल. वेगवेगळ्या धर्मांचे नियमही वेगळे आहेत. मुसलमान कायद्यात सामान्यतः एक तृतीयांशापर्यंतच असे देता येते. ख्रिस्ती माणसाला जवळचे नातेवाईक असताना धर्मादाय देण्यावर जाचक अटी होत्या, त्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द केल्या.

आणि द्यायचे ते आपलेच असावे. हा धडा मला वकिलाने दिला. मी ऐटीत म्हणालो, “पाटल्या विकून पैसे संशोधनाला.” त्यांनी विचारले, “वहिनींनी मृत्युपत्र केलं होतं?” नव्हते. मग त्या पाटल्यांत कायद्याने माझा, मुलाचा आणि मुलीचा सारखा वाटा. मी माझ्या तिसऱ्या हिश्श्यापुरता दानशूर!

म्हणून पितृपक्षातल्या त्या दिवशी पाने वाढून झाल्यावर मी विषय काढला. सूनबाईंनी ‘अभद्र’ हा शब्द उच्चारला. मुलगा म्हणाला, “तुमच्या ठेवींचं तुम्ही ठरवा, बाबा, आमची हरकत नाही.” मुलगी मात्र गप्प. त्या पाटल्या तिला मिळायच्या, असे तिची आई आजारपणात बोललेली होती, ते मला ठाऊक होते. मी तिला काही विचारले नाही. मुलांचा हक्क भावनेच्या भरात काढून घेणे हे दान नव्हे, असे मी मानतो.

पुण्याला परत जायच्या दिवशी तीच म्हणाली, “बाबा, एक पाटली मी घालीन. दुसरी त्या कामाला द्या. दादाशी मी बोललेय.”

“अगं, जोडी मोडते,” मी म्हणालो.

“मोडू दे. ती गोळी पाच वर्षं आधी आली असती तर जोडी राहिलीच असती की.”

मृत्युपत्र आता झाले आहे. घर आणि ठेवींचा मोठा भाग मुलांना. एक दशांश ठेवी आणि एक पाटली कर्करोगाच्या संशोधनाला. त्यातून काय निघेल, मी पाहणार नाही. कदाचित काहीच निघणार नाही, कारण दहा प्रयोगांतले नऊ फसतात. पण फसलेल्या नवांचा खर्चही कुणीतरी द्यावाच लागतो, तेव्हा दहावा सापडतो.

या रविवारी जेवणे आटोपल्यावर, वाचकहो, आपणही हे अभद्र एकदा बोलून पाहा. मुलांचे काढून घेऊ नका, फक्त शेवटी एक ओळ वाढवा. पुढे कधीतरी असाच कुणी नवरा डॉक्टरांना विचारील, “याच्यापुढे काही नाही का?” त्याला ‘आहे’ हे उत्तर मिळावे, एवढेच त्या ओळीचे काम.