स्वस्त शेअरची पारख

हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवाहून एका वाचक गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें आहे. सेवानिवृत्तीच्या रकमेंतून घरबांधणीस कर्ज देणाऱ्या एका कंपनीचे शेअर घ्यावे, असें त्यांच्या चिरंजीवांचें म्हणणें आहे. कारण तिचें ‘किंमत-मिळकत गुणोत्तर’ अवघें 5 आहे. एवढें स्वस्त मिळत असतां घ्यावें कीं नाहीं, असा त्यांचा प्रश्न आहे. तो पुष्कळ घरांतून निघत असल्यामुळें त्याचें उत्तर येथेंच देतों.

शेत घेतांना आपण वर्षाचा मक्ता पाहतों. मक्ता 20 हजार आणि किंमत 8 लक्ष, तर 40 वर्षांच्या मक्त्याएवढी किंमत पडली. शेअरचा हिशेब असाच. भाव 200 रुपये आणि दर शेअरमागें वर्षाचा निव्वळ नफा 40 रुपये असला, तर गुणोत्तर 5.

परंतु मक्ता हातीं पडलेला असतो, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचा नफा हा बऱ्याच अंशीं अंदाज असतो. घरकर्जाची मुदत वीस-वीस वर्षांची. त्यांतील किती बुडेल याचा अदमास करून कंपनी तरतूद बाजूस काढते. ती कमी काढली कीं नफा फुगतो आणि गुणोत्तर आपोआप उतरतें. शिवाय पदरचे 10 रुपये व उसने 90 मिळून 100 रुपये कर्जाऊ दिले आणि त्यांतील 10 बुडाले, तर सारें भांडवलच गेलें!

मुंबईंतील दोन कंपन्यांचा इतिहास येथें पाहण्यासारखा आहे. 1984 सालीं स्थापन झालेल्या दिवाण हाउसिंग फायनान्सचा भाव 21 सप्टेंबर 2018 या एका दिवसांत शेंकडा 40 हून अधिक कोसळला. भाव आजचा, नफा मात्र गेल्या वर्षाचा. त्यामुळें गुणोत्तर एकदम उतरलें व शेअर स्वस्त दिसूं लागला. पुढें नोव्हेंबर 2019 मध्यें रिझर्व्ह बँकेनें तिचें संचालकमंडळ दूर केलें. 2021 मध्यें ती पिरामल समूहाकडे गेली, तेव्हां शेअरधारकांच्या हातीं कांहींच आलें नाहीं. उलट, हसमुखभाई पारेख यांनीं 1977 सालीं स्थापिलेली एचडीएफसी 1 जुलै 2023 रोजीं एचडीएफसी बँकेंत विलीन झाली, तेव्हां दर 25 शेअरांमागें बँकेचे 42 शेअर मिळाले.

तेव्हां गुणोत्तर पाहावें, पण तें अशाच दुसऱ्या कंपन्यांच्या गुणोत्तराशीं ताडून पाहावें. त्यासोबत वार्षिक अहवालांतून तीन गोष्टी काढाव्या: थकलेलीं कर्जें शेंकडा किती व त्यांसाठीं तरतूद केवढी, दर शेअरमागें कंपनीचें स्वतःचें भांडवल किती, आणि दीर्घ मुदतीचीं कर्जें देण्यास तिनें पैसा अल्प मुदतीनें तर उचलला नाहीं ना.

चिरंजीवांनीं चौकशी आरंभिली हें चांगलेंच झालें. त्यांस रागें भरूं नये. पितापुत्रांनीं एकत्र बसून अहवाल वाचावा. पण ज्या रकमेवर घरची चूल व औषधपाणी अवलंबून आहे, ती मात्र, गुणोत्तर कितीही मोहक असो, एका कंपनीच्या शेअरांत गुंतवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.