ललिता पवार म्हणजे खाष्ट सासू?

परवा एका लग्नासाठी नगरहून मनमाडला निघालो होतो. कोपरगाव मागे पडलं, येवला आलं, आणि पुढच्या सीटवरून दादा म्हणाला, "ललिता पवार इथली बरं का!" लगेच मागे कोणीतरी डावा डोळा बारीक करून दाखवला. गाडीभर हशा. मग ओघाने आमच्या थोरल्या काकू निघाल्या. त्यांना घरात सगळे 'ललिता पवार' म्हणायचे. (मीही म्हणायचे. ते त्यांच्या कानावर जात होतं, हे फार उशिरा कळलं.)

गाडीत मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

त्या डोळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९४२ साल, 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग, भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डोळा अधू झाला. नायिका संपली आणि सासू जन्माला आली! घटना खरीच आहे. पण आपण ती अशी सांगतो की जणू बाईचं पुढचं सगळं कर्तृत्व त्या थपडेचं.

अहो, थपडेच्या आधी काय होतं? अंबा सगुण नावाची येवल्याची ही मुलगी १९२८ साली मूकपटात आली, तेव्हा जेमतेम बारा वर्षांची. १९३२च्या 'कैलाश'च्या निर्मितीत तिचा वाटा होता. सोळाव्या वर्षी! १९३७ साली तिने 'दुनिया क्या है' काढला, तोही टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वरून. हे कधी कोणी गाडीत सांगतं का?

आणि नंतरचं? थपडेनंतर दोनच वर्षांनी, १९४४ साली, ती प्रभातच्या 'रामशास्त्री'त आनंदीबाई झाली. 'दहेज'मधली सासू आहेच, रामानंद सागरांच्या 'रामायणा'तली मंथराही आहे. पण 'श्री ४२०'मधली केळेवालीही तीच. 'आनंद'मधली मेट्रनही तीच. 'अनाडी'तल्या मिसेस डिसाला तर फिल्मफेअर मिळालं. तोंडाने फटकळ आणि आतून लोण्यासारखी बाई! डोळा सगळीकडे तोच होता. मग दुष्टपणा डोळ्यातून येत होता म्हणायचं, तर ही माया कुठून आली? अभिनय म्हणतात त्याला. १९६१ साली संगीत नाटक अकादमीने पुरस्कार दिला, तो काय डोळ्याला दिला?

मला वाटतं, आपल्याला सासूच हवी असते. सोयीची आहे ती. घरातली एखादी बाई ठामपणे बोलली की तिला 'ललिता पवार' म्हणायचं, की विषय संपला. तेच काका बोलले तर ते 'शिस्तीचे'.

बहात्तरच्या दुष्काळात कोठीच्या किल्ल्या काकूंच्या कमरेला होत्या. भाकरी मोजून मिळायची, म्हणून आम्हा पोरांचा त्यांच्यावर राग. त्या स्वतः शेवटी जेवायच्या. काही उरलं तर. हे आम्ही कधी पाहिलंच नाही, किल्ल्या तेवढ्या पाहिल्या.

आई सांगते, राहुरीकडे टुरिंग टॉकीज आली होती तेव्हा दोघी जावा 'अनाडी'ला गेल्या होत्या. मिसेस डिसा मरते तिथे काकू पदर तोंडात धरून रडत होत्या, आणि घरी आल्या आल्या म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस.

दादा, रविवारी ये. 'अनाडी' लावते.