एका शब्दासाठी अख्खी वेबसाइट बंद

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'कोलंबिया लॉ रिव्ह्यू' या कायद्याच्या नियतकालिकाने एक लेख ऑनलाइन टाकला आणि लगेच त्याची अख्खी वेबसाइटच गायब झाली. उघडली की 'देखभालीचे काम सुरू आहे' एवढंच दिसायचं. शंभराहून जास्त पानांचा तो लेख होता पॅलेस्टिनी वकील रबीअ इगबारिया यांचा. मागणी अशी, की 'नकबा' ही कायद्यातली स्वतंत्र संज्ञा व्हावी.

नकबा म्हणजे महाआपत्ती. उर्दूतला 'नकबत' याच घराण्यातला. १९४८ च्या सुमारास सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले, त्याचं हे नाव. इगबारिया म्हणतात, तो नकबा संपलेला नाही, आजही चालू आहे. आणि वंशसंहार, वर्णभेद या शब्दांत तो पुरता मावत नाही.

शब्दाने काय होतं, असं कुणी म्हणेल. 'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये रूढ केला. डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला, आणि त्याच कराराच्या आधारे डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिका इस्रायलविरुद्ध हेगच्या न्यायालयात गेली. 'अपार्थाइड' तर गोऱ्या राजवटीनेच आपल्या धोरणाला दिलेलं नाव, १९७३ च्या कराराने तोच गुन्हा ठरला. जुलमाला कायद्यात नावच नसेल, तर फिर्याद कोणत्या कलमाखाली करणार?

आता टाळं कुणी लावलं ते पाहू. अमेरिकेत अशी नियतकालिकं विद्यार्थी संपादक चालवतात. वेबसाइट बंद केली ती वरच्या संचालक मंडळाने, म्हणजे प्राध्यापक आणि माजी विद्यार्थ्यांनी. त्यांचं म्हणणं, लेख नेहमीच्या प्रक्रियेतून गेला नाही, काही संपादकांना अंधारात ठेवलं. घटकाभर हे खरं मानू. पण मग तक्रार एका लेखाची आणि शिक्षा सगळ्यांना? वर्गात एकाचा निबंध खटकला म्हणून आम्ही शाळेला कुलूप लावत नाही.

शिवाय हे पहिल्यांदा घडलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'ने इगबारियांकडून लेख मागवून घेतला, संपादित केला आणि शेवटी मतदान घेऊन नाकारला. ते त्याच हार्वर्डमध्ये डॉक्टरेट करत होते! तो लेख मग 'द नेशन'ने छापला.

कोलंबियात विद्यार्थी संपादक अडून बसले. काही दिवसांतच वेबसाइट परत आली, संचालकांच्या नाराजीच्या निवेदनासकट. लेख आजही तिथे मोफत वाचता येतो. इंग्रजी जड आहे, पण एलएलबी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी निदान प्रस्तावना तरी वाचावी.