पुडीतला दाणा



धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात 'उंदीर' हा शब्द चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. मुखेडच्या मोंढ्यातील आमच्या दुकानात तुरीच्या आणि ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागली, की चौथ्या दिवशी खालच्या पोत्याला भोक पडलेले दिसे आणि वडील निमूटपणे वहीत तूट लिहीत. विष घालायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. म्हणून रात्री तेल लावलेल्या भाकरीचा तुकडा अडकवून पिंजरा मांडायचा आणि सकाळी सापडलेला उंदीर ओढ्यापलीकडे सोडून यायचे, हे काम आम्हा भावंडांकडे पाळीपाळीने असे. सोडलेला उंदीर आमच्याआधी दुकानात परततो, असे आमचे थोरले बंधू तेव्हा म्हणत; आजही म्हणतात.

पुढे १९९४ साली त्या प्राण्याची भीतीही बसली. तेव्हा मी बीड जिल्ह्यातील एका बँक शाखेत होतो. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आले होते. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावातून प्लेगच्या बातम्या आल्या आणि सप्टेंबरमध्ये सुरत हादरली. शाखेत खातेदार तोंडाला रुमाल बांधून येत आणि टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूलसाठी औषधाच्या दुकानांपुढे रांगा लागत. कोपऱ्यात काही खुडबुडले, तरी मोजत असलेल्या नोटा हातातून गळत.

हे सांगण्याचे कारण असे, की गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या पुण्याच्या कन्येच्या कुटुंबाबरोबर दोन पांढऱ्या उंदीरमाद्या पिंजऱ्यासह आमच्या घरी आल्या. अकरा वर्षांच्या नातवाने त्यांची नावे लवंग आणि वेलची अशी ठेवली होती. सुट्टी संपली, पण नव्या भाड्याच्या घराच्या मालकांनी प्राण्यांस मनाई केली आणि त्या दोघी मुखेडलाच राहिल्या. बंधू पिंजऱ्यापुढे उभे राहून म्हणाले, "जन्मभर ज्यांना ओढ्यापलीकडे सोडून आलो, त्यांना आता घरात पाळणा बांधायचा का?" मजजवळ उत्तर नव्हते.

सोडून देण्याचा विचार माझ्याही मनात आला होता. परंतु हा प्राणी आपल्या गोदामातला उंदीर नव्हे. तपकिरी उंदराच्या जातीतून माणसाने शंभराहून अधिक वर्षे निवडून वाढवलेली ही पाळीव पैदास आहे. गुलाबी डोळ्यांच्या या पांढऱ्या उंदराची दृष्टी अधू असते आणि प्रखर उजेड त्याला सोसत नाही. मांजर, साप आणि घुबड यांच्या शेतात तो एक रात्रही निभावणार नाही. सोडणे म्हणजे मारणेच होते, फक्त आपल्या डोळ्यांआड.

मग ठेवायचे तर कसे? अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकतो: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. यांतील शेवटच्या चारांबाबत मी निश्चिंत होतो. पहिल्यापाशी मात्र मन अडखळले. पिंजरा म्हणजे बंधच. देशाचा कायदाही याबाबत मूक नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा अपुऱ्या पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा अपराध आहे.

पहिले दोन आठवडे मी त्यांना वेळेवर दाणापाणी दिले आणि कर्तव्य झाले असे समजलो. त्या मात्र रात्रभर पिंजऱ्याच्या गजांना दात लावत. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने कुरतडणे ही त्याची गरज आहे, हे मला ठाऊक होते. पण गज कुरतडणे वेगळे. पुढे वेलचीच्या पाठीवरचे केस विरळ झाले. येथील पशुवैद्यक गुराढोरांचे जाणकार. त्यांनी प्रामाणिकपणे नांदेडच्या एका डॉक्टरांचा क्रमांक दिला. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "दिवसभर त्या करतात काय?" मी म्हणालो, "काही नाही." ते म्हणाले, "मग आजार तोच असू शकतो." तेच नातवाने संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सांगितले, "आजोबा, त्या कंटाळल्यात."

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मीही रोज सकाळी दहा वाजता कपडे करून ओसरीवर बसत असे. दोन्ही वेळचे जेवण मिळत होते, तरी घरात माझे कोणाशी पटत नव्हते. त्यामुळे मुलाचे म्हणणे मला लगेच उमगले.

या विषयावर जे वाचले, त्याने मी चकित झालो. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४० च्या दशकात काही उंदीर घरी नेऊन मुलींना खेळायला दिले. घरात मोकळे वाढलेले ते उंदीर प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातील उंदरांपेक्षा कोडी अधिक चांगली सोडवू लागले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथे रोझेनझ्वाइग, बेनेट, क्रेच आणि मेरियन डायमंड यांनी दाखवले, की सोबती आणि बदलती खेळणी मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल एकट्या, रिकाम्या पिंजऱ्यातील उंदरांपेक्षा जाड होते. मात्र ही जाडी मोजण्यासाठी त्या उंदरांचे प्राण घेतले गेले, हे आपण विसरू नये. आज आपल्याला जे ज्ञान सहज वाचायला मिळते, त्याच्या खर्चाच्या बाजूला ही नोंद आहे.

व्यापारी वाचकांना आवडेल असा आणखी एक निष्कर्ष १९६३ साली जेन्सन नावाच्या संशोधकाचा आहे. दाणे समोर फुकट ठेवलेले असतानाही पुष्कळ उंदीर कळ दाबून, श्रम करून मिळणारे दाणे खाणे पसंत करत होते. कमावून खाण्याची गोडी आपल्यालाच असते, असे नाही.

मग मी कामाला लागलो. विकतचे काही आणले नाही; अडगळीतूनच सारे निघाले.

प्रथम कापड दुकानातून थानाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या आणि बोगदा म्हणून ठेवल्या. नळी अरुंद होती. लवंग मधोमध अडकली आणि मी कात्रीने नळी कापेपर्यंत तिचा जीव कासावीस झाला. तेव्हापासून नळी चार बोटांपेक्षा अरुंद असेल, तर तिला आधीच लांबीभर चिरून ठेवतो. दुसरी चूक याहून वाईट होती. जुन्या पंचाची झोळी करून छताला टांगली. त्याच्या सुटलेल्या धाग्यात वेलचीचे बोट गुंतले आणि तिने ओढून नख गमावले. छविच्छेदाबाबत मी निश्चिंत होतो, हे वर लिहिले आहे. ते येथे दुरुस्त करतो. आता झोळी घट्ट विणीच्या जुन्या सुती कापडाची, कडा दुमडून शिवलेली असते आणि सौभाग्यवती ती दर आठवड्याला तपासतात.

बाकीचे प्रयोग साधले. आडवे ठेवलेले मातीचे मडके मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांचे सर्वांत आवडते घर ठरले. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही. शेपटीवाटे तो उष्णता बाहेर टाकतो. पारा तिशीपुढे गेला की तो सुस्तावतो आणि चाळिशीत दगावूही शकतो. पसरट ताटलीत दोन बोटे पाणी घालून त्यात उकडलेले मटारचे चार दाणे सोडले, की त्या पंजांनी 'मासेमारी' करतात आणि अंगही थंड होते. खोल ट्रेमध्ये माती व नारळाचा भुसा घालून मूठभर ज्वारी पेरली. आठ दिवसांत हिरवळ उगवली आणि दोन रात्रींत तिचा फडशा पडला. नारळाची करवंटी, रंग व वार्निश नसलेले लाकडी ठोकळे आणि पुठ्ठ्याची खोकी यांनी पिंजऱ्याचे तीन मजले झाले. यांतील काहीही कायम एका जागी ठेवायचे नाही. आठवड्याने मांडणी बदलायची. नवेपणा हेच त्यांचे खरे खेळणे आहे.

सर्वांत यशस्वी ठरली ती पुडी. उंदराला वाटीत दाणे देण्याऐवजी कागदात बांधून लपवावेत, असे वाचले आणि मला वडिलांचे दुकान आठवले. पण माझ्या पुड्या सुटू लागल्या. मी बँकेत गेलो आणि तो हात गमावला. एका संध्याकाळी बंधू बसले होते. माझी धडपड पाहून त्यांनी कागद हातातून घेतला, उलटा दुमडला, टोक आत खोचले आणि दोरा न लावता चौकोनी पुडी समोर ठेवली. म्हणाले, "पन्नास वर्षांत दोन लाख तरी बांधल्या असतील. आता गिऱ्हाइकाला सगळे सीलबंद लागते." लवंगने ती पुडी तीन मिनिटे फिरवली, नेमके खोचलेले टोक शोधले आणि दाणा काढला. बंधूंनी दुसरी बांधली, जरा अवघड. त्यानंतर ते रोज येऊ लागले. उंदरांसाठी येतो, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही.

कार्तिकात लवंगला धाप लागू लागली. डोळ्यांभोवती लालसर ओल दिसली. ते रक्त नव्हे, ताण वा आजार असता उंदराच्या डोळ्यांतून येणारा तो स्राव असतो. श्वसनाचे विकार या प्राण्याला फार होतात. नांदेडला जाऊन औषध आणले. पण ती गेली. तिचे वय दोन वर्षे होते आणि या प्राण्याचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. नातवाला फोनवर सांगणे हे मला थकीत कर्जदाराच्या दारात जाण्यापेक्षा जड गेले.

खरा पेच त्यानंतर आला. वेलची पुड्या उघडेना. उंदीर हा कळपाचा प्राणी आहे. एकटेपण त्याला सोसत नाही. शिकागो विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांनी नळीत कोंडलेल्या सोबत्याचे दार उघडून त्याला सोडवले. शेजारी चॉकलेटची दुसरी नळी असतानाही सोबत्याला सोडवले आणि पुष्कळदा चॉकलेटही वाटून घेतले. अशा प्राण्याला एकटे ठेवणे हा बंधाहून मोठा दोष वाटला. परंतु सोबत म्हणून नवा उंदीर विकत घ्यावा, तर ज्या व्यापारातून ते पिंजऱ्यात आले, त्यालाच पुन्हा भांडवल पुरवल्यासारखे होते. आणि पुढे वेलची गेली, की नवा एकटा पडणार. ही साखळी कोठे तोडायची?

घरात चार दिवस चर्चा झाली. सौभाग्यवती म्हणाल्या, "विकत आणायची नाही, पण कोणाला नको झालेली असेल तर येऊ द्या." नातवाने चौकशी केली. लातूरच्या एका विद्यार्थिनीला वसतिगृह सोडताना आपली दीड वर्षाची उंदीरमादी द्यायची होती. ती आणली. दोघींना एकदम एकत्र न ठेवता दोन आठवडे शेजारी पिंजऱ्यांत ठेवून वास ओळखीचा होऊ दिला आणि मग मिसळले. दोघी साधारण एकाच वयाच्या आहेत. जी मागे राहील तिचे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. नवीन प्राणी घ्यायचा नाही, इतकेच ठरले आहे.

वाचकांना माझी विनंती प्रथम अशी, की मुलांच्या हट्टासाठी उंदीर, ससा वा पक्षी विकत आणू नका. कित्येक घरांच्या ओसरीवर अजून पोपटाचा पिंजरा दिसतो. आपल्याकडील पोपट पाळणे हे तर १९७२ च्या वन्यजीव अधिनियमान्वये बेकायदेशीर आहे. परंतु पाळीव उंदीर घरात आलेच असतील, तर एकच नसावा. दोघे एकाच लिंगाचे असावेत, कारण गर्भकाळ अवघा तीन आठवड्यांचा आणि एका वेळी आठ-दहा पिले होतात. पिंजरा निदान दोन फूट लांब व तितकाच उंच, खालचा तळ जाळीचा नसलेला असावा. रोज तासभर देखरेखीखाली मोकळे सोडावे. फिरते चाक दिल्यास ते भरीव पृष्ठाचे आणि फूटभर व्यासाचे असावे, म्हणजे शेपटी अडकत नाही आणि पाठ वाकत नाही. कच्च्या डाळी व चॉकलेट देऊ नये. गोदामातील उंदरांचा त्यांच्याशी संपर्क येऊ देऊ नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

गोदामात पिंजरा अजूनही मांडला जातो आणि सापडलेला उंदीर ओढ्यापलीकडेच जातो. परवा बंधूंनी तो सोडला आणि परतताना रद्दीवाल्याकडून पुड्यांसाठी कोरा कागद घेऊन थेट आमच्याकडे आले.